कारण लेखी द्या

जिल्हा रुग्णालयातल्या दिव्यांग तपासणी मंडळापुढे ज्याला उभं राहायचं आहे, त्याला तिथं काय होतं ते कुणीतरी आधी सांगायला हवं. सरकार सांगत नाही. पोर्टलवर अर्ज कसा भरायचा, फोटो किती आकाराचा लावायचा, आधार कसं जोडायचं हे सगळं सांगितलं जातं. आत गेल्यावर माणसाला कसं वागवलं जातं हे कुणी बोलत नाही. म्हणून मी लिहितो आहे. मी दोन वर्षांचा असताना पोलिओनं माझा डावा पाय गेला. कॅलिपर घालून शिकलो, नोकरी केली, आणि आता आमच्या तालुक्यातल्या माणसांना घेऊन या मंडळाच्या दारात उभा राहतो. तिथं वर्षानुवर्षं जे पाहिलं त्यावरून सांगतो, ही व्यवस्था अपंग माणसाला मदत देण्याआधी त्याच्यावर संशय घेते. त्याचं म्हणणं ऐकून घेत नाही. आणि नाकारताना कारण द्यायची सक्ती कायद्यात असूनही ते देत नाही.

या एका कागदावर काय काय अवलंबून आहे बघा. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत, रेल्वेची सवलत, सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा, ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातून दिव्यांगांवर खर्च करायचा ५ टक्के निधी, संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग माणसं मोजली गेली. त्यांतल्या ज्याला यातलं काही हवं आहे त्याला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच आकडा गाठावा लागतो, ४०. त्याच्या खाली राहिलात तरी कार्ड मिळतं. दिव्यांग हक्क कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्त नियमांनुसार त्याचा रंग पांढरा. ४० च्या पुढे पिवळा, ८० च्या पुढे निळा. पांढऱ्या कार्डावर हातात फारसं काही पडत नाही. त्यामुळे सिव्हिलमधून, म्हणजे जिल्हा रुग्णालयातून, बाहेर येणाऱ्याला आम्ही तब्येत विचारत नाही. ‘टक्के किती बसले?’ एवढंच विचारतो.

मंडळ ठरलेल्या वारीच बसतं. त्या वारी सुट्टी आली, डॉक्टर रजेवर गेले, शिबिराला गेले, कोर्टात साक्षीला गेले, की तो दिवस बुडाला. हे कळतं ते तिथं पोहोचल्यावर. लांबच्या गावचा माणूस पहाटेची पहिली एसटी पकडतो. ज्याला स्वतः चढता येत नाही त्याच्यासोबत घरातलं एक माणूस रोजगार बुडवून येतं. गाडी करायची तर एका फेरीचा खर्च मजुरी करणाऱ्या घराला महिनाभर पुरतो. आणि मग खिडकीवर उत्तर मिळतं, ‘आज हाडाचे डॉक्टर नाहीत, पुढच्या आठवड्यात या.’ हे वाक्य बोलणाऱ्या माणसाला समोरच्या बाईनं चौदा वर्षांच्या मुलाला पाठुंगळी घेऊन स्टँडपासून इथवर आणलं आहे हे दिसत असतं. दिसूनही तो तेच बोलतो. तिला काल संध्याकाळी फोनवर हे कळवणं अवघड नव्हतं. अर्जात तिचा मोबाइल नंबर सक्तीनं भरून घेतलेला असतो.

इमारतीबद्दलही बोलायला हवं. मी ज्या रुग्णालयात जातो तिथं कान-नाक-घशाची तपासणी एका मजल्यावर, हाडांची दुसऱ्या इमारतीत, शिक्क्याचा टेबल तिसरीकडे. लिफ्ट बंद असली की जिन्यावर माणसं बसून बसून, हातावर सरकत वर जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संसदेत मंजूर झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. नियम निघाल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायच्या असं त्याच्या ४५ व्या कलमात लिहिलं आहे. नियम जून २०१७ मध्ये निघाले. ती पाच वर्षं जून २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं, की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशीसारखे ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा. हा निकाल ज्या इमारतीत सगळ्यात आधी पोहोचायला हवा होता ती इमारत म्हणजे जिथं अपंगांना अपंगत्व दाखवायला बोलावलं जातं ती. आमच्याकडे तो पोहोचलेला नाही.

आता आतली गोष्ट. नाव पुकारलं जातं. टेबलापलीकडे डॉक्टर, बाजूला ऑपरेटर, दारात पुढची पाच माणसं वाकून बघत उभी. पडदा असेलच असं नाही. ‘चालून दाखवा.’ ‘हात वर करा.’ ‘मूठ आवळा.’ काही मिनिटांत संपतं. बोलायचं म्हटलं तरी जागा नसते. एका आईनं मुलाबद्दल सांगायचा प्रयत्न केला, ‘साहेब, ह्याला रात्रीचे झटके पण येतात.’ उत्तर आलं, ‘मावशी, ते दुसऱ्या डॉक्टरांना सांगा. इथं फक्त हाडाचं बघतो.’ दुसरे डॉक्टर त्या दिवशी नव्हतेच. मुलाच्या कागदावर पायाचे टक्के चढले, झटके राहून गेले.

आमच्या माणसांची एक सवय इथं त्यांच्या मुळावर येते. डॉक्टरनं विचारलं, ‘कसं काय?’ की तोंडून निघतं, ‘बरं हाय साहेब.’ चारचौघांत आपलं दुखणं उघडं करायची लाज असते. संडासला एकट्याला जाता येत नाही, कपडे सून घालते, हे परक्या माणसापुढे म्हाताऱ्याच्या तोंडून येणार नाही. मंडळापुढे उभा असताना तो होती नव्हती ती ताकद एकवटून ताठ उभा राहतो, कारण साहेबासमोर नीट उभं राहावं हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. ज्याला तपासायचं आहे त्यानं हे ओळखायला नको का? घरात आल्यावर काय होतं, न्हाणीत कोण नेतं, रात्री कितीदा उठवावं लागतं, हे सोबत आलेल्या माणसाला विचारायला किती वेळ लागतो? विचारलं जात नाही. ‘बरं हाय’ या दोन शब्दांवर एका कुटुंबाचं पुढचं सगळं ठरून जातं.

आणि टक्के मोजतात कसे? केंद्र सरकारनं ४ जानेवारी २०१८ रोजी मोजणीची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, मार्च २०२४ मध्ये ती सुधारली. हातपायांच्या बाबतीत सांधा किती वळतो, स्नायूत जोर किती, अवयव कुठून तुटला, यावर गुण ठरतात. शरीराच्या त्या भागाचं मोजमाप होतं. त्या माणसाच्या जगण्याचं होत नाही. मळणी यंत्रात उजव्या हाताची बोटं गेलेला शेतमजूर आणि तीच बोटं गेलेला कार्यालयातला अधिकारी यांचे टक्के सारखे येतात. अधिकाऱ्याची नोकरी कायदा वाचवतो. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मजुराला विळा धरता येत नाही, खुरपं धरता येत नाही, मुकादम त्याला टोळीत घेत नाही. त्याच्या हातातलं एकमेव साधन गेलं आणि कागद सांगतो की तो ४० च्या खाली आहे.

एकाहून जास्त दोष असतील तर हिशेब आणखी वेगळा. सर्वसाधारण माणूस समजतो, ३० आणि १० मिळून ४० झाले. तसं नाही. मोठ्या आकड्यात लहान आकडा सरळ मिळवत नाहीत. नव्वदातून मोठा आकडा वजा करायचा, त्याला लहान आकड्यानं गुणायचं, नव्वदानं भागायचं आणि मग मिळवायचं. या सूत्रानं ३० आणि १० मिळून ३६.७ होतात. ३० आणि २० मिळून ४३.३. सूत्राला वैद्यकीय आधार असेल, मी त्यावर वाद घालत नाही. वाद वेगळा आहे. ज्याच्या आयुष्याचा निकाल या गुणाकार-भागाकारावर लागतो त्याला ही आकडेमोड कधी दाखवली जाते का? कुठल्या सांध्याला किती दिले, कुठला दोष धरला, कुठला सोडला, याचा तक्ता त्याच्या हातात येतो का? आमच्याकडे तरी येत नाही. हातात येतो तो एक अंतिम आकडा. दहावीच्या पोराला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. जन्मभराचा निकाल लागलेल्या माणसाला आपले गुण कुठं कापले गेले ते बघायला मिळू नये?

मानसिक आजाराच्या बाबतीत तर मोजपट्टीच मुळी ऐकण्यावर उभी आहे. आयडियाज नावाची ही भारतातच तयार झालेली पट्टी चार गोष्टी पाहते. माणूस स्वतःची निगा राखतो का, इतरांशी त्याचे संबंध कसे आहेत, बोलणं आणि समजणं कसं आहे, काम करू शकतो का. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, आणि आजार किती वर्षांचा आहे त्याचे वेगळे. बेरीज सातपर्यंत गेली की ४० टक्क्यांचा उंबरा ओलांडला जातो. ही माहिती रुग्णाच्या चेहऱ्यावरून मिळत नाही. घरच्या माणसाला बसवून, प्रश्न विचारून, थांबून ऐकावी लागते. स्किझोफ्रेनियाचा मुलगा गोळ्यांवर शांत असतो, धुतलेला शर्ट घालून आईशेजारी बसतो, स्वतःचं नाव बरोबर सांगतो. तो गेल्या सहा महिन्यांत घराबाहेर पडला नाही हे आईलाच माहीत. तिला कुणी विचारलंच नाही तर शून्य लिहिलं जाणार. वर कित्येक ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञच नसतो, मग दुसऱ्या शहराची चिठ्ठी मिळते. कानाच्या बेरा तपासणीचं तेच, यंत्र किंवा तंत्रज्ञ जिथं असेल तिथं जा.

सिकलसेलचं उदाहरण घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत, विशेषतः आदिवासी समाजात, हा आजार किती घरांत आहे ते तिथल्या प्रत्येक आशाताईला ठाऊक आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, २०१६ च्या कायद्यानं एकवीस प्रकार केले आणि सिकलसेल, थॅलसेमिया, हिमोफिलिया यांना त्यात घेतलं. त्याचं आम्ही स्वागत केलं. पण सिकलसेलची कळ येते आणि जाते. कळ आली की पोरगी आठवडाभर अंथरुणात तळमळते, रक्त चढवावं लागतं, परीक्षा बुडते. मंडळाच्या दिवशी ती आपल्या पायांनी चालत आत येते, आणि खोलीतल्या नजरा विचारतात, हिला काय झालंय? आणि एवढं करून कार्ड मिळालं तरी सरकारी नोकरीतलं आरक्षण नाही. कायद्याच्या ३४ व्या कलमातल्या आरक्षणाच्या यादीत या तीन रक्तविकारांची नावंच नाहीत. एका कलमानं अपंग म्हणायचं आणि दुसऱ्या कलमानं वगळायचं, हा संसदेनं केलेला अन्याय आहे आणि तो संसदेनंच दुरुस्त केला पाहिजे.

डॉक्टरांवर सगळा राग काढणं बरोबर नाही, हे मला मान्य आहे. ज्यांना मंडळावर बसवतात त्यांनाच त्या दिवशी ओपीडी असते, वॉर्ड असतो, शस्त्रक्रिया असतात. पदं रिकामी आहेत. काही डॉक्टर असे भेटले की त्यांनी खाली येऊन, गाडीत बसलेल्या पेशंटला तिथंच तपासलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण चांगला डॉक्टर भेटला तर न्याय, नाही भेटला तर नाही, ही हक्काची पद्धत नाही. ३ डिसेंबर २०२२ ला राज्यानं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला तेव्हा मोठे समारंभ झाले. त्या विभागानं मंडळाचा एक दिवस फक्त मंडळासाठी मोकळा ठेवायचा आदेश काढून तो पाळून घेतला असता, तर समारंभाहून जास्त काम झालं असतं.

मग कागदांचा फेरा. माझ्या वयाच्या माणसांकडे हाताने लिहिलेला दाखला होता. तो चालेना म्हणून राज्याच्या एसएडीएम या संगणक प्रणालीतला काढायला लावला. पुढं केंद्राचं स्वावलंबन कार्ड आलं, आणि १ जून २०२१ पासून त्या कार्डाच्या पोर्टलवरूनच प्रमाणपत्र देणं सगळ्या राज्यांना सक्तीचं झालं. दर वेळी त्याच माणसाला त्याच रांगेत उभं केलं. गुडघ्याखाली कापलेला पाय पुन्हा उगवत नाही. पोलिओनं गेलेला पाय पन्नाशीत बरा होत नाही. जुन्या नोंदी नव्या पोर्टलवर चढवणं हे कार्यालयाचं काम होतं, ते अपंगांच्या अंगावर टाकलं गेलं.

याला समर्थन म्हणून एकच गोष्ट पुढं केली जाते, बोगस प्रमाणपत्रं. २०२४ मध्ये प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांचं प्रकरण गाजलं, केंद्रीय लोकसेवा आयोगानं ३१ जुलै २०२४ ला त्यांची उमेदवारी रद्द केली, आणि त्या दिवसापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक खऱ्या अपंगाकडे लोक डोळे बारीक करून बघायला लागले. खोटी प्रमाणपत्रं आहेत. ती खऱ्याच्या ताटातलं ओढतात, म्हणून माझ्याइतका राग त्यांच्यावर कुणाला नसेल. खोटेपणानं लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड असं दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९१ सांगतं, ते वापरा. पण प्रत्येक खोट्या कागदावर कुणा ना कुणा डॉक्टरची सही असते, मंडळाचा शिक्का असतो. तो कागद आंधळ्या म्हातारीनं छापलेला नसतो. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणारे एजंट उभे असतात ते आतल्या कुणाच्या तरी भरवशावर. चौकशी तिथून सुरू करा. तुम्ही ती रांगेतल्या शेवटच्या माणसापासून सुरू करता, कारण तो उलट बोलत नाही.

आणि त्याच कायद्यात कलम ८९ पण आहे. कायद्याचा किंवा नियमांचा भंग करणाऱ्याला पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत, पुन्हा केला तर पन्नास हजार ते पाच लाख दंड. मुदतीत प्रमाणपत्र न देणं हा नियमांचा भंगच आहे. या कलमाखाली कुठल्या मंडळाला, कुठल्या अधिकाऱ्याला दंड झाल्याचं आमच्या जिल्ह्यात मी तरी ऐकलं नाही.

एवढा सगळा फेरा ज्याच्यासाठी करायचा ती रक्कम तरी केवढी? निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये ठरले. त्याआधी १,५०० होते. याच कायद्याचं कलम २४ म्हणतं, की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांना इतरांपेक्षा निदान २५ टक्के जास्त रक्कम द्यावी. तरीही २०२३ पासून २०२५ पर्यंत इतर निराधारांना जे १,५०० मिळत तेच अपंगांना मिळत होते. सरकारनं स्वतःचा कायदा मोडला आणि कुणाला जाब द्यावा लागला नाही. जून २०२५ मध्ये माजी आमदार बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले तेव्हा मागणी सहा हजारांची होती. राजकारण कुणाला पटो न पटो, आकडा अवास्तव नव्हता. केंद्राचा वाटा तर बोलायच्या लायकीचा नाही. ८० टक्क्यांच्या पुढे अपंगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसासाठी केंद्र महिन्याला ३०० रुपये देतं, आणि हा आकडा २०१२ पासून हललेला नाही.

निराधारसाठी दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. दिवसाला १३७ रुपये झाले. घरातलं एक माणूस वर्षभर नियमित मजुरीला गेलं तरी ही रेघ ओलांडली जाते. म्हणजे तलाठ्याकडे जाऊन लोकांना खोटं उत्पन्न सांगायला लावणारा नियम सरकारनं स्वतः केला आहे. मग दर वर्षी हयातीचा दाखला. कुष्ठरोगानं बोटं झडलेल्या माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, आणि यंत्र त्याला नाकारतं. तो समोर उभा आहे, बोलतो आहे, गावातला प्रत्येक जण त्याला ओळखतो, तरी पैसे अडकतात.

अमेरिकेत अपंगत्वाचा भत्ता नाकारला गेला तर काय होतं, हे तुलनेसाठी मुद्दाम सांगतो. नकाराचं पत्र लेखी येतं. ६० दिवसांत फेरविचार मागता येतो. तिथंही नकार आला तर पुन्हा ६० दिवसांत प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते. अर्जदार शपथेवर बोलतो, वकील किंवा प्रतिनिधी शेजारी बसवता येतो, सगळं ध्वनिमुद्रित होतं. प्रश्न असे असतात: एका वेळी किती वेळ उभं राहू शकता, किती वजन उचलता, दिवसातून कितीदा आडवं व्हावं लागतं? या मर्यादा असलेल्या माणसाला कुठलं काम जमेल, असं रोजगाराच्या जाणकाराला विचारलं जातं, आणि अर्जदाराच्या वकिलाला त्या जाणकाराची उलटतपासणी करता येते. निकाल कारणांसह लेखी मिळतो. तिथंही तारीख मिळायला महिनोन्महिने लागतात, लोक खचतात. मी त्या देशाचे गोडवे गात नाही. पण माणसाला बसवून, त्याचं ऐकून घेऊन मग निर्णय द्यायचा, एवढी साधी गोष्ट तिथं पद्धत म्हणून आहे. आपल्याकडे ती डॉक्टरच्या मर्जीवर आहे.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. २०१७ च्या नियमांत लिहिलं आहे, की अर्जदार अपात्र ठरला तर वैद्यकीय प्राधिकाऱ्यानं त्याला कारणं लेखी कळवायची. कलम ५९ सांगतं, की निर्णय मान्य नसेल तर राज्य सरकारनं नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एमबीबीएसला प्रवेश नाकारलेल्या महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की केवळ टक्क्यांचा आकडा बघून कुणाला बाद करता येणार नाही. अपंगत्व शिक्षणाच्या आड येतं का हे मंडळानं तपासायचं, आणि येतं असं वाटलं तर कारणं नोंदवायची. देशातलं सर्वोच्च न्यायालय हे सांगतं, आणि सिव्हिलच्या खिडकीवर कारण मागणाऱ्याला ‘ऑनलाइन बघा’ म्हणून हाकलतात. तिथं दिसतो तो आकडा किंवा नकार. अपील कुणाकडे करायचं याचा फलक मी ज्या मंडळात जातो तिथं लावलेला नाही.

उलट २०२४ च्या दुरुस्तीनं प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने केली. दोन वर्षांत मंडळानं निर्णयच घेतला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो. अर्जदारानं पुन्हा अर्ज करायचा किंवा पुन्हा मंडळाच्या पायऱ्या चढायच्या. उशीर कुणी केला आणि भोगायचं कुणी? ज्यानं हा नियम लिहिला तो कधी कुबड्यांवर रांगेत उभा राहिलेला नाही.

माझी मागणी लांबलचक नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा पूर्ण मंडळ बसवा. येणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करा. सोबतच्या माणसाचं म्हणणं कागदावर घ्या. मोजणीचा तक्ता अर्जदाराच्या हातात द्या. आणि प्रत्येक निर्णयाखाली अपील कुणाकडे, किती दिवसांत, ते मराठीत छापा. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

जे उद्या जाणार आहेत त्यांना सांगतो. जुने केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं न्या आणि झेरॉक्स जवळ ठेवा. कुबडी, कॅलिपर, श्रवणयंत्र घरी ठेवू नका. तुमची रोजची सेवा जो करतो त्यालाच सोबत न्या. ‘बरं आहे’ म्हणू नका; सगळ्यात वाईट दिवस कसा जातो ते सांगा, त्यात कसलीच लाज नाही. टक्के कमी बसले किंवा अर्ज नाकारला तर गप्प परत येऊ नका. त्याच दिवशी साध्या कागदावर अर्ज लिहा, मला कारण लेखी द्या आणि अपील प्राधिकरणाचं नाव कळवा. त्याच्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात मागा, पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार पाठवा. लिहिता येत नसेल तर गावातल्या शिकलेल्या पोराकडून लिहून घ्या. वाचणाऱ्यांपैकी जे धडधाकट आहेत त्यांनी निदान एवढं करावं, शेजारच्या एका माणसाचा हा अर्ज लिहून द्यावा आणि त्याच्यासोबत रांगेत उभं राहावं.